बाजारात ताण आला की बँक रोख कशी सांभाळते: पायरीपायरीने

९ मार्च २०२३ ला अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ग्राहकांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले आणि दुसऱ्या दिवशीसाठी आणखी १०० अब्ज डॉलरच्या मागण्या रांगेत लागल्या होत्या. १० तारखेला नियामकांनी बँकेला टाळं लावलं. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला हीच बँक कर्जं देत होती, पेमेंटं करत होती, सगळं सुरळीत दिसत होतं. मग दोन दिवसांत असं काय झालं? झालं एवढंच, की पैसे होते पण ते रोख्यांत अडकलेले होते, आणि ज्यांना हवे होते त्यांना ते आत्ता हवे होते.

आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही, लिक्विडिटी रिस्क, म्हणजे देणी द्यायच्या वेळी हाताशी रोख नसण्याचा धोका, तो नेमका हाच. तोटा झाला तर तो दाखवायला तिमाही संपेपर्यंत वेळ मिळतो, भांडवल कमी पडलं तर उभारायला काही महिने मिळतात, पण पेमेंट आज दुपारी चारला करायचंय आणि खात्यात पैसे नाहीत, तर तिथे कुठलाही युक्तिवाद चालत नाही.

हा लेख ट्रेझरी (बँकेची रोख आणि रोखे सांभाळणारा विभाग), रिस्क किंवा ऑडिटमध्ये नव्याने आलेल्यांसाठी आहे, आणि आपली बँक आतून कशी चालते हे समजून घ्यायचंय अशा कोणासाठीही. माझं म्हणणं आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं त्याच अंगाने वाचता येईल: नियमातला लिक्विडिटीचा रेशो किती आहे हा दुय्यम प्रश्न आहे, आज कट-ऑफच्या, म्हणजे व्यवहार स्वीकारायच्या शेवटच्या वेळेच्या आत, योग्य खात्यात, योग्य चलनात किती रोख उभी करता येते हा मुख्य प्रश्न आहे. बहुतेक बँका पहिल्याचं उत्तर तोंडपाठ देतात आणि दुसऱ्याला अडखळतात.

पायरी १: आजचा खरा हिशोब मांडा

सगळ्यात आधी कॅश फ्लो लॅडर. म्हणजे आज, उद्या, या आठवड्यात, पंधरा दिवसांत, महिन्यात, तीन महिन्यांत कुठून किती येणार आणि कुठे किती जाणार याची उतरती शिडी. ऐकायला सोपं वाटतं पण करायला बसलात की कळतं, की ठेवी एका सिस्टीममध्ये आहेत, डेरिव्हेटिव्ह (व्याजदर, चलन वगैरेंच्या भावावर बेतलेले करार) दुसऱ्या, मंजूर पण न उचललेल्या कर्जमर्यादा तिसऱ्याच ठिकाणी, आणि परदेशी शाखांचे आकडे दुसऱ्या दिवशी ईमेलने येतात. शांत काळात हे चालून जातं. ताणाच्या दिवशी कालचा आकडा काही कामाचा नसतो, म्हणून ही शिडी दर दोन तासांनी नवी काढता येते का हे आधीच तपासून ठेवायचं.

आता एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, सगळे कोटीत धरा. एका बँकेकडे विमा असलेल्या, घट्ट बसलेल्या किरकोळ ठेवी १,०००, त्यातल्या त्यात चंचल अशा किरकोळ ठेवी ६००, कंपन्यांच्या विनाविमा ठेवी ४००, इतर वित्तसंस्थांकडून घेतलेलं आणि महिन्याभरात परत करायचं कर्ज १००, आणि कंपन्यांना मंजूर केलेल्या पण त्यांनी न उचललेल्या क्रेडिट लाइन ३०० आहेत. बफर, म्हणजे रोख आणि पटकन रोखीत बदलता येणारे रोखे, हेअरकट (रोख्याच्या किमतीतून सावधगिरी म्हणून कापायचा हिस्सा) वजा करून ३००.

बासेल ३ या बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला जो एलसीआर आहे, लिक्विडिटी कव्हरेज रेशो, तो ३० दिवसांचा ताण धरून चालतो. स्थिर किरकोळ ठेवींतल्या ५ टक्के जातील असं धरा म्हणजे ५०, चंचल ठेवींतल्या १० टक्के म्हणजे ६०, कंपन्यांच्या ४० टक्के म्हणजे १६०, वित्तसंस्थांचं कर्ज पूर्ण १०० टक्के म्हणजे १००, आणि क्रेडिट लाइनच्या १० टक्के म्हणजे ३०. झाले एकूण ४००. महिन्याभरात कर्जांचे हप्ते वगैरे येणार १२० (येणी जास्तीत जास्त जाणाऱ्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंतच धरता येतात, इथे आपण त्याच्या बरेच खाली आहोत). निव्वळ जाणार २८०. बफर ३००. रेशो आला १०७ टक्के, नियम पाळला, अहवालात हिरवा रंग.

आता ताणाचा एक दिवस बघा. सकाळी एका बातमीने कंपन्यांच्या खजिनदारांची पाचावर धारण बसते आणि ४०० पैकी १०० त्याच दिवशी निघतात. वित्तसंस्था आज मुदत संपणारे ३० पुन्हा द्यायला तयार नाहीत. कंपन्या ३०० च्या लाइनमधले ६० उचलून ठेवतात कारण उद्या मिळेल की नाही याची त्यांना खात्री नाही. डेरिव्हेटिव्हवर १० चा मार्जिन कॉल, म्हणजे जादा तारणाची मागणी येते. आज लागणार २००. तुमच्याकडे केंद्रीय बँकेच्या खात्यात रोख ८०, आज येणार ५, आणि रोख्यांपैकी ज्यांच्यावर आजच्या आज पैसे मिळतील असे, म्हणजे केंद्रीय बँकेकडे आधीच तारण ठेवलेले, फक्त ६०. बेरीज १४५. कमी पडतात ५५.

रेशो १०७ आणि खात्यात ५५ ची तूट. उरलेले १६० चे रोखे खोटे नाहीत, ते आहेत, चांगलेही आहेत, पण ते परवा पैसे होतील, आणि देणी आजची आहेत. हे उदाहरण एकदा आपल्या बँकेचे आकडे घालून स्वतः करून बघा, मला वाटतं दहा प्रेझेंटेशन बघण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

दिवसाच्या आतला हिशोबही यातच येतो. पेमेंटं सकाळी जातात आणि येणी दुपारी येतात, मधले तीन तास खातं कुठून भरायचं? नोव्हेंबर १९८५ मध्ये बँक ऑफ न्यूयॉर्कची सरकारी रोख्यांची कॉम्प्युटर सिस्टीम बिघडली, रोखे येत होते आणि त्यांचे पैसे खात्यातून जात होते, पण पुढे रोखे देऊन पैसे घेता येईनात. त्या रात्री बँकेला फेडकडून, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय बँकेकडून, २२ अब्ज डॉलरहून जास्त उधार घ्यावे लागले. बँकेत काहीही बुडालं नव्हतं, फक्त एक प्रोग्राम अडकला होता.

पायरी २: कोण जाईल आणि किती वेगाने, हे नावानिशी ओळखा

ठेवींची एकूण रक्कम बघून काही कळत नाही. ठेवीदार कसे आहेत ते बघावं लागतं. विमा मर्यादेच्या आतला, पगार जमा होणारा, हप्ते कापले जाणारा ग्राहक सहसा हलत नाही कारण त्याला हलायचं काही कारण नसतं. विम्याबाहेरचा मोठा ठेवीदार मात्र पहिल्या अफवेला हलतो आणि त्याने हलणं हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचं असतं, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

सिलिकॉन व्हॅली बँकेत ९० टक्क्यांहून जास्त ठेवी अडीच लाख डॉलरच्या विमा मर्यादेबाहेरच्या होत्या. वर ठेवीदार सगळे एकाच गोतावळ्यातले, स्टार्टअप आणि त्यांना पैसा पुरवणारे फंड, एकमेकांना ओळखणारे, एकमेकांचं ऐकणारे. म्हणजे कागदावर हजारो खाती पण निर्णय घेणारी डोकी थोडीच. म्हणून ठेवी किती हे बघू नका, किती जणांच्या एका फोनवर त्या हलतात ते बघा. टॉप २० ठेवीदारांची यादी दर आठवड्याला काढा, आणि नुसती नावं नाही तर त्यांच्यातले संबंध, एकच सल्लागार आहे का, एकाच क्षेत्रातले आहेत का, हेही लिहून ठेवा.

वेग हा दुसरा मुद्दा. २००८ च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन म्युच्युअल या अमेरिकी बँकेतून साधारण दहा दिवसांत १६.७ अब्ज डॉलर गेले होते आणि तेव्हा तो भयंकर वेग वाटला होता. २०२३ मध्ये त्याच्या अडीचपट रक्कम एका दिवसात गेली. मोबाइल बँकिंगमुळे रांग दिसत नाही, शाखा बंद असली तरी पैसे निघतात. त्यामुळे ३० दिवसांच्या तक्त्याशेजारी १ दिवस आणि ५ दिवस असे दोन वेगळे तक्ते ठेवणं मला तरी सक्तीचं वाटतं.

आणि ठेवी म्हणजे सगळं नाही. घाऊक बाजारातून घेतलेलं कर्ज एकदम बंद होऊ शकतं. नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेची कर्जं मुख्यतः गृहकर्जं होती पण पैसा मोठ्या प्रमाणात घाऊक बाजारातून आणि कर्जांचे रोखे करून विकण्यातून यायचा, ऑगस्ट २००७ मध्ये तो बाजारच गोठला आणि बँकेकडे पर्याय उरला नाही. ठेवीदारांची रांग तर नंतर लागली, सप्टेंबरच्या मध्यावर.

पायरी ३: बफर, आणि तो खरंच हलतो का

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण बँका इथेच फसतात.

नियमात बफरचे थर आहेत. लेव्हल १ मध्ये नोटा-नाणी, केंद्रीय बँकेकडची शिल्लक आणि उत्तम दर्जाचे सरकारी रोखे, यांना एलसीआरमध्ये हेअरकट नाही आणि मर्यादाही नाही. लेव्हल २ए ला १५ टक्के हेअरकट, २बी ला २५ ते ५० टक्के. पूर्ण लेव्हल २ मिळून बफरच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि २बी पूर्ण बफरच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. हे पाठ करायला सोपं आहे. पण सरकारी रोख्याला शून्य हेअरकट म्हणजे त्याची बाजारातली किंमत पडत नाही असं नाही. फेडने मार्च २०२२ पासून व्याजदर शून्याजवळून एका वर्षात साडेचार टक्क्यांच्या वर नेले, तेव्हा स्वस्त दरात घेतलेले लांब मुदतीचे रोखे घसरले. सिलिकॉन व्हॅली बँकेने ८ मार्चला जाहीर केलं की २१ अब्ज डॉलरचे रोखे विकले आणि त्यात सुमारे १.८ अब्ज तोटा झाला, आणि भांडवल उभारायचंय. बुडण्याची भीती नसलेल्या रोख्यांवरच हा तोटा झाला होता. उरलेले बरेचसे रोखे मुदत संपेपर्यंत ठेवायचे या कप्प्यात होते, तिथे बाजारभावाचा तोटा हिशोबात दिसत नाही, पण एकदा विकायला काढले की सगळा कप्पाच नव्या भावाने मोजावा लागतो. म्हणजे रोखे आहेत पण हात लावला तर भांडवल फाटतं. असे रोखे बफरमध्ये धरताना त्यांच्यापुढे लिहून ठेवा: विकून नाही, फक्त तारण ठेवून.

बफरमधल्या प्रत्येक रोख्याला चार प्रश्न विचारायचे. हा आत्ता मोकळा आहे का, की कुठल्या तरी व्यवहारात आधीच गहाण पडलाय? तो कुठल्या कस्टोडियनकडे, म्हणजे रोखे सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे? त्यावर पैसे उभे करायला कोणाच्या सह्या लागतात? आणि पैसे किती वाजता खात्यात पडतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे देतात, तिसऱ्या-चौथ्याला फोनाफोनी सुरू होते.

एक प्रसंग सांगतो. मी एका बँकेच्या ट्रेझरी डेस्कवर असताना सराव म्हणून ठरवलं, की बफरमधले काही सरकारी रोखे एका कस्टोडियनकडून केंद्रीय बँकेच्या तारण खात्यात हलवायचे आणि त्यावर छोटी रक्कम खरोखर उधार घ्यायची. सकाळी दहाला सुरुवात केली. सूचना पाठवायच्या सिस्टीमचा पासवर्ड दोघांकडेच, त्यातला एक रजेवर, दुसऱ्याचं टोकन एक्सपायर झालेलं. ते नवीन मिळेपर्यंत साडेबारा. मग कळलं की अधिकृत सह्यांची यादी दोन वर्षं जुनी आहे आणि त्यातल्या एक जण बँक सोडून गेलाय. कस्टोडियनची त्या दिवसाची कट-ऑफ दोनची होती, आमची सूचना पोचली दोन वाजून दहा मिनिटांनी. रोखे दुसऱ्या दिवशी हलले. कोणी चूक केली असं नाही, सगळे धावत होते, पण तो खरा ताणाचा दिवस असता तर आम्ही त्या दहा मिनिटांमुळे पडलो असतो. त्यानंतर आम्ही तीन साध्या गोष्टी केल्या: सह्यांची यादी दर तिमाहीला तपासायची, टोकन चौघांकडे द्यायचे, आणि बफरचा ठरावीक हिस्सा कायम केंद्रीय बँकेकडेच आधीपासून तारण म्हणून ठेवून द्यायचा.

सिलिकॉन व्हॅली बँकेतही शेवटच्या दिवशी एका कर्जपुरवठादाराकडे ठेवलेलं तारण फेडकडे हलवायचा प्रयत्न झाला आणि तो वेळेत पूर्ण झाला नाही. २०२२ मध्ये बँकेने फेडकडून उधार घेण्याची चाचणीही केली नव्हती. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच.

त्यामुळे चाचणी करा, छोटी रक्कम घेऊन करा, आणि दर तिमाहीला करा. बाजारात विकून आणि रेपोवर (रोखे तारण देऊन थोड्या मुदतीची उधारी) देऊनही बघा, कारण वर्षभर तुम्ही बाजारात आलाच नाहीत आणि ताणाच्या दिवशी एकदम मोठा माल घेऊन आलात की समोरच्याला लगेच कळतं तुम्ही अडचणीत आहात.

रेपोवर अवलंबून असाल तर आणखी एक गणित करून ठेवा. १,००० च्या रोख्यांवर हेअरकट २ टक्के असेल तर ९८० मिळतात, ताणात तो १० टक्के झाला तर ९०० मिळतात, म्हणजे काहीही न विकता, काहीही न बुडता ८० ची तूट पडली. आणि हेअरकट वाढणं हा बरा प्रसंग म्हणायचा, वाईट प्रसंगात समोरचा रेपो फिरवतच नाही. बेअर स्टर्न्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेकडे १० मार्च २००८ ला सुमारे १८ अब्ज डॉलरची लिक्विडिटी होती, १३ तारखेला २ अब्ज उरली. चांगलं तारण देऊनही लोक उधार द्यायला तयार नव्हते.

पायरी ४: ताळेबंदाबाहेरचं देणं

क्रेडिट लाइन ही बँकेने दिलेली कबुली असते, ग्राहकाने मागितले की द्यावेच लागतात. मार्च २०२० मध्ये जगभरातल्या कंपन्यांनी, ज्यांना गरज होती त्यांनी आणि ज्यांना नव्हती त्यांनीही, मंजूर लाइन उचलून रोख हाताशी ठेवली. तेव्हा बऱ्याच बँकांना तोच पैसा त्याच कंपन्यांच्या ठेवी म्हणून परत मिळाला म्हणून निभावलं. ताण तुमच्याच बँकेबद्दल असेल तर उचललेला पैसा दुसऱ्या बँकेत जाईल. हा फरक तक्त्यात वेगळा दाखवा: बाजाराचा ताण, आपल्या एकट्याचा ताण, आणि दोन्ही एकदम.

मार्जिनचं तसंच. डेरिव्हेटिव्हच्या करारांत बऱ्याचदा कलम असतं, की रेटिंग इतक्या पायऱ्यांनी घसरलं तर इतकं जादा तारण द्यायचं. एलसीआरमध्ये तीन पायऱ्यांची घसरण धरायला सांगितलंय. करार काढून हे कलम प्रत्यक्ष वाचा, सिस्टीममधल्या नोंदीवर विसंबू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या पेन्शन फंडांचं झालं ते बघा: सरकारी रोखे घसरले, मार्जिन मागितलं गेलं, मार्जिन भरायला त्यांनी तेच रोखे विकले, त्यामुळे रोखे आणखी घसरले, शेवटी २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला बाजारात खरेदीला उतरावं लागलं. त्या बँका नव्हत्या पण यंत्रणा तीच. ज्या वस्तूची किंमत पडल्यावर तुम्हाला पैसे लागणार आहेत, तीच वस्तू विकून ते उभे करायचा प्लॅन म्हणजे प्लॅनच नाही.

पायरी ५: इशारे, आणि कोणता आकडा आला की कोणी काय करायचं

इशाऱ्यांची यादी सगळ्यांकडे असते: ठेवींची रोजची घट, मुदतीआधी मोडल्या जाणाऱ्या ठेवी, आपल्याला लागणारा व्याजदर इतरांपेक्षा किती जास्त, आपल्या सीडीएसचा (आपण कर्ज बुडवलं तर भरपाई देणाऱ्या कराराचा) भाव, शेअरचा भाव, समोरच्या बँकांनी आपली मर्यादा कमी केली का, उधारीची मुदत महिन्यावरून आठवड्यावर आणि आठवड्यावरून रात्रभरावर येतेय का. यातलं शेवटचं मला सगळ्यात बोलकं वाटतं. भाव वाढण्याआधी मुदत आखडते. कोणी नाही म्हणत नाही, फक्त म्हणतात, यावेळी एकच दिवसासाठी देतो.

यादीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक इशाऱ्यापुढे आकडा, आकड्यापुढे माणूस आणि माणसापुढे काम. उदाहरणार्थ दिवसात ठेवी २ टक्क्यांनी घटल्या तर ट्रेझरी प्रमुखाने तासाभरात अल्कोच्या (बँकेची मालमत्ता आणि देणी बघणारी समिती) सदस्यांना फोन करायचा, ५ टक्के घटल्या तर आपत्कालीन योजना आपोआप लागू. आपोआप हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण घोषणा करायची कोणाचीच तयारी नसते, सगळे म्हणतात अजून एक तास बघू, आणि लिक्विडिटीत तो एक तासच महाग पडतो.

पायरी ६: प्रत्यक्ष ताणाचा दिवस

आपत्कालीन फंडिंग योजना म्हणजे आधीच ठरवलेला क्रम. माझ्या मते तो साधारण असा असावा, पण प्रत्येक बँकेने आपल्या बाजाराप्रमाणे बदलावा.

सकाळी पहिलं काम म्हणजे जाणारा पैसा कुठे थांबवता येतो ते बघणं. नवीन ट्रेडिंग पोझिशन बंद, नवीन कर्जमंजुरी काही दिवस पुढे, अंतर्गत खर्चाची मोठी पेमेंटं पुढे. मंजूर झालेली कर्जं आणि ग्राहकांची पेमेंटं मात्र अडवायची नाहीत, एक पेमेंट अडकलं की बातमी बाहेर जाते आणि मग ४० चा प्रश्न ४०० चा होतो. पेमेंटं ओळीने लावा: आधी ज्यांना ठरलेली वेळ आहे अशी, क्लिअरिंग हाउसचं (दोन्ही बाजूंचे व्यवहार पुरे करणारी मधली संस्था) मार्जिन, सेटलमेंट सिस्टीमची देणी, मग बाकीची.

मग पैसा उभा करणं, तोही सकाळीच, बाजारात खोली असताना. सगळ्यात आधी सरकारी रोख्यांवर रेपो, कारण तो नेहमीचा व्यवहार आहे आणि त्यातून कोणाला वास लागत नाही. गरजेपेक्षा जास्त उचला आणि जमेल तेवढ्या लांब मुदतीसाठी उचला, दोन दिवस महाग पडलं तरी चालेल. विक्री करायची तर जे सहज विकलं जातं आणि ज्यात तोटा कमी आहे ते. पण सगळं चांगलं आधी विकून शेवटी न विकला जाणारा माल उरला अशीही गत नको, म्हणून थोडे उत्तम रोखे शेवटच्या दिवसांसाठी बाजूला ठेवायचे.

ठेवींवर बाजारापेक्षा खूप जास्त व्याज देऊन पैसा ओढायचा मोह होतो. करू नका. पाव टक्का ठीक आहे, दोन टक्के जास्त दिलेत की तुम्हीच अफवेला दुजोरा दिला.

आणि केंद्रीय बँक. तिच्याकडे जाणं म्हणजे नामुष्की ही समजूत सगळ्या देशांतल्या बँकांत खोल रुजलेली आहे, इतकी की मार्च २०२० मध्ये फेडने डिस्काउंट विंडोचा (तारणावर बँकांना उधार द्यायची तिची सोय) दर ०.२५ टक्क्यांवर आणला, ९० दिवसांपर्यंत मुदत दिली, आणि तरीही हा कलंक पुसायला अमेरिकेतल्या मोठ्या बँकांना मिळून जाहीर करावं लागलं की आम्ही सगळेच तिथून उधार घेतोय. माझं मत स्पष्ट आहे: सॉल्व्हंट असाल, म्हणजे देण्यांपेक्षा मालमत्ता जास्त असेल, आणि तारण असेल, तर लवकर जा. शेवटच्या तासाला गेलात तर तारण तपासायलाही वेळ उरत नाही. आणि केंद्रीय बँकेतल्या माणसाला पहिला फोन पैसे मागायला नको, परिस्थिती सांगायला हवा, आदल्या दिवशी.

हे सगळं करताना दोन माणसांना फक्त नोंद ठेवायला बसवा. किती वाजता कोणी काय ठरवलं, कोणाला फोन केला, काय उत्तर मिळालं. त्या गडबडीत हे फालतू वाटतं पण संध्याकाळी पाच वाजता कोणालाच आठवत नाही की अमुक बँकेने हो म्हटलं होतं की बघतो म्हटलं होतं.

पायरी ७: पैसा आहे, पण दुसऱ्या घरात

मोठ्या समूहात एका देशातल्या उपकंपनीकडे भरपूर रोख असते आणि दुसऱ्या देशातली उपकंपनी कोरडी पडते, पण पहिल्या देशाचा नियामक पैसा बाहेर जाऊ देत नाही, आपल्या ठेवीदारांसाठी तो त्याला हवा असतो आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. म्हणून समूहाची बेरीज फसवी असते. क्रेडिट स्वीस या स्विस बँकेचा एलसीआर २०२२ च्या शेवटी १४४ टक्के होता, त्याच शेवटच्या तिमाहीत ११० अब्ज फ्रँकहून जास्त ग्राहकांचा पैसा बाहेर गेला होता. १५ मार्च २०२३ ला नियामकांनी सांगितलं की बँक भांडवल आणि लिक्विडिटीचे नियम पाळतेय, आणि १९ मार्चला ती यूबीएस या दुसऱ्या स्विस बँकेला विकायचं ठरलं. प्रत्येक कंपनीची आणि प्रत्येक मोठ्या चलनाची वेगळी शिडी काढा. डॉलरची देणी दुसऱ्या चलनातल्या रोख्यांनी भागवायची असतील तर मधे स्वॅप बाजार (एका चलनाच्या बदल्यात ठरावीक काळ दुसरं चलन देणारा) लागतो, आणि ताणात तो सगळ्यात आधी महाग होतो.

पायरी ८: बोलायचं काय आणि कधी

१३ सप्टेंबर २००७ च्या संध्याकाळी बातमी आली की नॉर्दर्न रॉकने बँक ऑफ इंग्लंडकडे मदत मागितली आहे. मदत मिळणार होती, म्हणजे खरं तर बातमी दिलासा देणारी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखांबाहेर रांगा लागल्या, कारण तेव्हा २,००० पौंडांपर्यंतच पूर्ण हमी होती आणि त्यापुढच्या ३३,००० ची ९० टक्के, आणि वेबसाइटवर लोकांना आपलं खातं उघडता येत नव्हतं. १७ तारखेला सरकारने ठेवींची हमी दिली तेव्हा रांगा ओसरल्या.

यातून करायची कामं साधी आहेत. अ‍ॅप आणि वेबसाइट नेहमीच्या दहापट गर्दीला टिकते का ते तपासा, कारण ताणाच्या दिवशी अ‍ॅप बंद म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने बँक बंद. वाईट बातमी द्यायचीच असेल तर तिच्यासोबत उत्तरही तयार हवं, रोखे तोट्यात विकले आणि भांडवल अजून उभारायचंय हे एकाच दमात सांगितलंत की लोक फक्त पहिला भाग ऐकतात. मोठ्या ठेवीदारांना त्यांच्या ओळखीच्या माणसाने फोन करावा आणि शाखेतल्या माणसाकडे पानभर प्रश्नोत्तरं असावीत, खरी. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणावं. ‘काळजी करू नका’ हे वाक्य त्या पानावर अजिबात नको.

पायरी ९: सराव आणि स्ट्रेस टेस्ट

स्ट्रेस टेस्ट, म्हणजे कल्पित ताणात बँक टिकते का याची चाचणी, नापास झाली तर काय करायचं, हे ती करायच्या आधी ठरवा. सिलिकॉन व्हॅली बँकेची अंतर्गत टेस्ट २०२२ मध्ये नापास होत होती, तेव्हा तिथे गृहीतकंच सौम्य करण्यात आली. आकडा सुधारला, पैसा तेवढाच राहिला. गृहीतक बदलायचं तर ट्रेझरीबाहेरच्या माणसाची लेखी मंजुरी लागेल असा नियम करा, हा एक नियम बाकी बऱ्याच गोष्टी सरळ करतो.

वर्षातून एकदा तरी पूर्ण दिवसाचा सराव घ्या, आधी न सांगता. सीएफओ विमानात आहे, मुख्य कस्टोडियनची सिस्टीम बंद आहे, शुक्रवार दुपारचे दोन वाजलेत, सोमवारी सुट्टी आहे. असे सराव लोकांना आवडत नाहीत, पण फटी तिथेच दिसतात.

पायरी १०: ताण उतरल्यावर

आपत्कालीन उधारी एकदम फेडायची घाई करू नका, आधी ठेवी खरंच परतल्या आहेत का आणि बाजारात एक महिन्याची उधारी नेहमीच्या भावाने मिळतेय का ते बघा. बफर वापरला म्हणून लाज वाटायचं कारण नाही, नियमानेही ताणात एलसीआर १०० च्या खाली जाऊ शकतो, फक्त नियामकाला सांगून आणि भरून काढायची तारीख देऊन. मग एनएसएफआर (नेट स्टेबल फंडिंग रेशो) या दुसऱ्या रेशोकडे वळा, वर्षभराच्या मुदतीचा पैसा कर्जांना पुरेसा आहे का हे तो दाखवतो, आणि जिथे लांब कर्ज छोट्या उधारीवर उभं आहे तिथे हळूहळू मुदत वाढवा. बँक आपल्याच विभागांना पैशाची जी अंतर्गत किंमत लावते तिच्यातही हा धडा उतरवा: जो विभाग घाऊक, पळणारा पैसा आणतो किंवा मोफत क्रेडिट लाइन वाटतो, त्याच्या नफ्यातून त्या बफरचा खर्च कापा, नाहीतर पुढच्या वर्षी तोच विभाग तेच करेल.

आणि त्या दिवशीची ती नोंदवही पहिल्या आठवड्यातच सगळ्यांनी बसून वाचा, ओळ न् ओळ. कट-ऑफ चुकली ती कुठे, सही अडली ती कोणाची, कोणत्या फोनला उत्तर मिळालं नाही. प्रत्येक ओळीपुढे नाव आणि तारीख टाका आणि त्या तारखेला पुन्हा उधार घेऊन बघा, पैसे किती वाजता खात्यात पडले ते.